गयामावशींच्या नावावरची गाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे, आणि उरलेलं अर्धं त्यानं कधी विचारलं नाही — आमचा संसार अशाच समजूतदारपणावर चाललाय. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? क्रांती चौकाजवळ माझा दातांचा दवाखाना आहे. दिवसभर लोकांना ‘तोंड उघडा’ म्हणते. स्वतःचं मात्र इतकी वर्षं मिटून बसलेय.

कुठून सुरू करू? गाडीपासूनच करते.

आमच्या शहरातल्या बऱ्या घरच्या लोकांना एक खोड आहे — एकट्यानं गाडी घेण्यात आम्हाला मजा येत नाही. वाळूजचे कारखानदार, डॉक्टर, बिल्डर, सगळ्यांनी मिळून यादी करायची, कंपनीशी घासाघीस करायची आणि एकाच दिवशी, एकाच मांडवात, गाड्यांना हार घालून किल्ल्या घ्यायच्या. इलेक्ट्रिक गाड्यांचं निघालं तेव्हा तसंच ठरलं, आणि यादीचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. सरकारचं अनुदान होतं, पण सुरुवातीच्या गाड्यांनाच, आणि एका नावावर एकदाच. माझ्या नावावर एक घेतली, नवऱ्याच्या नावावर एक. घरात माणसं दोनच. मुलगा परदेशात.

किल्ल्या घ्यायच्या आठवडाभर आधी एकानं माघार घेतली. ठरलेली संख्या भरली नाही तर कंपनीची सवलत सगळ्यांचीच जाणार होती. दुसऱ्या कुणाला विचारता आलं असतं का? आलं असतं. अनुदान सोडून तिसरी गाडी माझ्याच नावावर घेता आली असती का? तीही आली असती, परवडतही होती. पण यादी मी केलेली, तोंडघशी मीच पडणार — आणि खरं सांगू? मिळतंय ते सोडायचं माझ्या जिवावर आलं.

गयामावशी अकरा वर्षं आमच्याकडे स्वयंपाक करतात. अक्षरओळख बेताचीच. सही म्हणून ‘गया’ एवढंच गिरवतात. फोनवर ओटीपी आला — गॅसचा असो, बँकेचा असो — की पिठाच्या हातानंच फोन माझ्यापुढे धरायच्या, “ताई, बघा बरं काय आलंय.” त्यांचं बँकेतलं खातं मीच उघडून दिलं होतं, त्यामुळे आधारची झेरॉक्स माझ्याच कपाटात. मी तिसऱ्या गाडीचे कागद पुढे केले, विम्याचे आहेत म्हणाले. त्यांनी पदराला हात पुसले आणि सही केली. मग ओटीपी आला. त्यांनी फोन धरला, मी आकडे वाचून घेतले. पोळी तव्यावर होती, ती करपलीसुद्धा नाही.

किल्ल्यांच्या दिवशी माझं भाषण झालं. कुणीतरी खोचकपणे विचारलं होतं की ज्यांना परवडतं त्यांना सरकारनं गाडीसाठी मदत का करावी? मी म्हणाले, अनुदान माणसाला नसतं, हवेला असतं. आम्ही आज महाग घेतो म्हणून उद्या सगळ्यांना स्वस्त मिळेल. टाळ्या पडल्या. गंमत म्हणजे तो मुद्दा मला आजही पुरता खोटा वाटत नाही. फक्त तो मांडायला मी उभं राहायला नको होतं.

वर्षभरानं गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असं ठरवलं होतं. मग विसरले — नाही, विसरले नाही. पुन्हा आरटीओ, पुन्हा सह्या, कुणी विचारलं तर सांगायचं काय? म्हणून टाळलं.

पुढे बायकांच्या खात्यात सरकार दरमहा पैसे टाकू लागलं. मावशींचा पगार मुलाच्या हातात जातो. हे पैसे तेवढे त्यांचे स्वतःचे. त्यांचा अर्ज अर्थातच मी भरला. घरात चारचाकी आहे का, असा त्यात प्रश्न होता. मी ‘नाही’ लिहिलं. लिहिताना हात अडखळला का? आठवत नाही म्हणाले, तर ते आणखी एक खोटं होईल.

मग पडताळणी आली. अंगणवाडीच्या बाई यादी घेऊन मावशींच्या गल्लीत गेल्या — या घरात चारचाकी आहे, मावशींच्याच नावावर. पैसे बंद, मावशींचे आणि सुनेचेही. त्या थोड्याशा पैशांसाठी सरकारनं दारात माणूस पाठवून विचारलं, तुमच्याकडे गाडी आहे का? मला कितीतरी जास्त मिळाले होते. मला कुणी विचारलं नव्हतं, तुमच्याकडे आधीच्या किती आहेत.

पण पैशांचं जाऊ द्या. मावशींची मुलगी पैठणला दिलेली, जावई भाड्याची जीप चालवतो. सुनेनं तेवढ्यावरून ठरवलं — सासूनं लपूनछपून जावयाला गाडी घेऊन दिली, आमच्या तोंडचं काढून. मुलानंही तेच धरलं. चुली वेगळ्या झाल्या. पंचमीला माहेरी आलेली मुलगी भावजयीचे टोमणे ऐकून चहाही न घेता पुढच्या एसटीनं परत गेली. “पोरगा माझ्याकडं बघत बी नाय ताई,” मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. मी डबा भरत होते. भरत राहिले.

मग मीच म्हणाले, काहीतरी घोटाळा असेल, आपण त्या योजनेच्या ऑफिसात जाऊन सांगू. का म्हणाले? चांगली दिसायची सवय. मावशींनी मुलालाही बोलावलं, त्याच्या समोर सोक्षमोक्ष होऊ दे म्हणून. तो वाळूजहून शिफ्ट संपवून परस्पर आला. मावशींना मी नेलं. कशातून नेलं, हे सांगायला हवं का? त्या माझ्या शेजारच्या सीटवर पदर सावरून बसल्या होत्या, स्वतःच्या नावावरच्या गाडीत.

कारकुनानं नाव टाकलं आणि गाडीचा नंबर मोठ्यानं वाचला. माझी मूठ किल्लीवर आवळली गेली. मावशी हात जोडून म्हणाल्या, “साहेब, मला सायकल बी चालवता येत नाय. ह्या ताईंना इचारा. अकरा वर्षं झाली, ह्यांच्या घरी हाय मी. ताई, सांगा की ह्यांना.”

कारकून माझ्याकडे बघायला लागला. मुलगाही. त्याच्या चेहऱ्यावर — हे मला विसरताच येत नाही — आशा होती. मी हो म्हणावं, आई खरी आहे म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

मी म्हणाले, “मी काय सांगणार मावशी? तुमच्या घरचं तुम्हालाच माहीत.”

मुलगा आईला म्हणाला, “ऐकलं का आता?” आणि जिना उतरून गेला.

हे मी केलं. घाबरून केलं, पण शुद्धीत केलं. त्या एका क्षणी स्वतःला वाचवायला मी त्या बाईला तिच्या मुलासमोर खोटं ठरवलं.

त्यानंतर मी कितीदा मनात सगळं मांडून पाहिलं. गाडी नावावर करायला गेले तर आधीची मालकीण कोण ते निघतं. ते निघालं की विम्याचे म्हणून सही घेतलेले कागद निघतात, अनुदान निघतं, भाषण निघतं. मग दवाखान्यावरची पाटी कोण वाचेल? गाडी विकावी म्हटलं, तर विकणारी मी नाहीच, मावशी आहेत. मावशींना सांगावं, तर ते त्यांच्या मुलालाही सांगावं लागेल. जिकडे वळावं तिकडे माझीच सही पुढे येते. म्हणून मी रोज दवाखान्यात जाते, त्याच गाडीतून, आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. त्यांची चूल अजून वेगळीच आहे.

एक सांगायचं राहिलं. ऑफिसातून परत येताना मावशी पुन्हा माझ्या शेजारीच बसल्या होत्या. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. मी खूप अवघडून बसलेली त्यांना दिसले असणार.

“मनाला लावून घिऊ नका ताई,” त्या म्हणाल्या. “जे ठाऊक नाय ते तुम्ही कसं सांगनार? माझ्यासाठी तुम्ही खोटं कशाला बोलायचं?”

मी “हो ना” म्हणाले. सिग्नल सुटला, आणि मी गाडी पुढे काढली.