बाहेरची सतरा

शाळेच्या कॅडेट पथकाचे कवायत मास्तर स्वतःला काय समजत, ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. पंधरा वर्षं सैन्यात काढली हे खरं, पण ती सगळी कोठारात, घोंगड्या मोजण्यात. शत्रू म्हणून त्यांनी पाहिले ते घोंगड्या कुरतडणारे उंदीर, आणि त्या लढाईतही जिंकले उंदीरच. शाळेत आल्यापासून मात्र गृहस्थ नाकाने कांदे सोलत होते. जेवायला बसतानाही पाठ ताठ. मुलं त्यांना पाठीमागे ‘सावधान’ म्हणत. बायको तोंडावर म्हणे.

यंदा पथकाला उतरती कळा लागली. वरच्या कार्यालयाचा नियम सरळ होता: तपासणीच्या दिवशी मैदानात निदान चाळीस कॅडेट दिसले पाहिजेत, नाहीतर पथक बंद. पथक बंद म्हणजे मास्तरांची नोकरीही बंद. शाळेतली मुलं भरली सव्वीस. मग मुख्याध्यापकांनी आसपासच्या तीन शाळांना पत्रं धाडली, की आमच्या पथकाचे दरवाजे तुमच्या विद्यार्थ्यांना खुले आहेत. त्या शाळांत पथक नव्हतं, त्यामुळे सतरा जण आले. नऊ मुली, आठ मुलगे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण आमच्या हरीला पाय धरतानाही नाक वरच ठेवायचं होतं.

स्वागत समारंभ झाला, तोही बघण्यासारखा. ‘हार्दिक स्वागत’ असा फलक लावला आणि त्याच्या सावलीत शाळेची सव्वीस मुलं बाकांवर बसवली. ज्यांचं स्वागत होतं ती सतरा समोर उन्हात उभी. मुख्याध्यापक अर्धा तास पथकाच्या उज्ज्वल परंपरेवर बोलले, मास्तर पाऊण तास स्वतःवर. मग बिस्किटं वाटली. डबा सतरांपर्यंत पोचला तेव्हा त्यात चुरा उरला होता. तरी ती पोरं ‘थँक्यू सर’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिली कवायत. मास्तरांनी ‘गिनती कर!’ म्हणून हुकूम सोडला. पुढच्या दोन रांगांतून एकेक आकडा उठत गेला आणि ‘सव्वीस’ झाल्यावर मागच्या रांगेच्या टोकाची एक उंच मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, “सत्तावीस!”

मास्तरांचा पारा चढला. “कोणी सांगितलं तोंड उघडायला?”

“सर, सव्वीसनंतर...”

“गिनती आमच्या शाळेची आहे! तुम्ही बाहेरचे. मागे उभं राहायचं, समोर बघायचं, ओठ बंद. पळ, मैदानाला पाच चकरा!”

ती पळाली. पाचव्या चकरेनंतरही तिला धाप लागली नव्हती, याचाच मास्तरांना जास्त राग आला.

घरी त्यांनी हे फुशारकीने सांगितलं. बायको भाजी चिरत होती. ती म्हणाली, “अहो, पाहुण्यांना कोणी पळवतं का असं?”

“पाहुणे म्हणून तर पाचच,” मास्तर म्हणाले.

दोन महिने असंच चाललं. लिहितानाही चीड येते. ती सतरा पोरं अर्धं गाव ओलांडून, कुणी चालत तर कुणी सायकलवर डबलसीट, वेळेआधी हजर होत. शाळेची सव्वीस जांभया देत उगवत. पण शाबासकी पुढच्या रांगांना आणि बोलणी मागच्या रांगेला. रोज गिनती व्हायची, रोज सव्वीसवर थांबायची, आणि मागची रांग भिंतीसारखी गप्प उभी राहायची.

तपासणी जवळ आली तशी मास्तरांची धांदल उडाली. चुन्याच्या रेघा मारल्या, बुटांना पॉलिश झालं, तपासणीला येणाऱ्या अधिकारी बाईंच्या खुर्चीवर गादी आली. त्रेचाळीस नावांच्या हजेरीपटाला नवं कव्हर चढलं. पट पाहून बाई खूश होणार आणि काम फत्ते, असा मास्तरांचा हिशेब. मागच्या रांगेला काय शिकवून ठेवलंय, ते त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

तपासणीच्या दिवशी बाईंनी पट न उघडताच बाजूला ठेवला. “हे नंतर. आधी गिनती घ्या.”

गिनती झाली. ‘सव्वीस’ आलं, आणि पुढे काहीच नाही. सतरा जण ओठ मिटून, नजर समोर ठेवून उभे. इतकी शिस्त मास्तरांना आयुष्यात कोणी दाखवली नव्हती.

“मागचे कोण?” बाईंनी विचारलं.

“आमचेच, मॅडम! आमचेच!” मास्तर दोन महिन्यांत प्रथमच म्हणाले. मग दातओठ खात मागे वळून पुटपुटले, “ए, बोला की!”

बाई चालत मागच्या रांगेपाशी गेल्या. “तू का नाही मोजलंस?”

“मॅडम, आमची गिनती नसते,” उंच मुलगी म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. शाळेची वेळ सांगावी तसं सांगितलं. मुख्याध्यापकांना अचानक स्वतःच्या बुटांत फार रस वाटू लागला.

“मास्तर, हिचं नाव काय?”

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं. “बरं, हिच्या शेजारच्याचं?” तेही नाही. मग बाईंनी वही काढली आणि रांगेतून चालत एकेकाला विचारून सतरा नावं स्वतः लिहून घेतली. नंतर समोर उभं राहून हुकूमही त्यांनीच दिला, आणि गिनती त्रेचाळीसपर्यंत गेली. अहवालात दोन ओळी होत्या: पथक चालू ठेवावे. प्रशिक्षक बदलावा.

मास्तर खोलीतून टोपी आणि शिट्टी घेऊन निघाले. नळावर ती उंच मुलगी तोंड धूत होती. मास्तर थबकले, घसा खाकरला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, “पोरी, नाव काय गं तुझं?”

सवयीने ती ताठ उभी राहिली.

“आता कशाला, सर? मॅडमनी लिहून घेतलंय.”