कर्णाताईच्या गळ्यातली फट

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते भर उन्हाळ्यात. धक्क्यावर लाँचची वाट पाहणारे आम्ही सगळे घामाने निथळत होतो आणि तिकिटाच्या खोलीतल्या या बाईने गळ्यापर्यंत बटणं लावलेला कॉलरचा ड्रेस घातला होता. माइकवर लाँच पुकारताना ती डाव्या हाताने गळ्याशी रुमाल दाबून धरी. पुकारून झालं की रुमालाकडे चोरून बघे आणि घडी घालून ठेवी.

तिचा आवाज मात्र मला बारा वर्षं ओळखीचा होता. मी पलीकडच्या काठावरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचो, रोज सातच्या फेरीने जायचो. कर्ण्यातून येणाऱ्या आवाजामुळे लाँचवाले तिला कर्णाताई म्हणत. धुकं पडलं की धक्का दिसेनासा व्हायचा आणि म्हातारा तांडेल तिच्या आवाजाच्या रोखाने लाँच आणायचा. भोंगा का वापरत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, भोंग्याला आपण घाबरलोय हे कळत नाही, बाईला कळतं.

एकदा ओहोटीमुळे लाँच अडकली. माझ्या काखेत वर्गात टांगायचा तक्ता होता, जीवसृष्टीचा. तिने बघायला मागितला. बाकावर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. तळाशी समुद्रातले थेंबासारखे जीव, मग शिंपले, मासे, चिखलात पाय टेकणारा एक मासा, पाली, केसाळ प्राणी आणि शेवटी माणूस. कोपऱ्यात मासा, कोंबडी आणि माणूस यांचे गर्भ शेजारी शेजारी काढलेले. तिघांच्याही मानेवर सारख्याच घड्या. ती त्या कोपऱ्यावरून हलेना. मग तिने कॉलरचं बटण काढलं. गळ्याच्या डाव्या बाजूला, खाली, सुईने टोचल्याएवढं भोक होतं. जन्मापासूनचं. त्यातून मधूनच पाण्यासारखा थेंब येई.

मला मास्तरकीचा आनंद झाला, आणि तोच नडला. "अहो, माशांचे कल्ले इथेच असतात. तुमची ती फट बुजायची राहून गेली, एवढंच," मी म्हणालो. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तेवढ्यात लाँच लागली, मी तक्ता गुंडाळून चढलो.

महिन्याभराने ती जागा लिंबाएवढी सुजली. डॉक्टरांनी सांगितलं, पू आत उतरला तर जिवावर बेतेल. सूज उतरली की लगेच त्या भोकामागची नळी कापून काढायची. बाई नाही म्हणून बसली. तिला लहानपणापासून वाढवणारी आत्या काठी टेकत धक्क्यावर आली आणि तिने मला गाठलं.

"मास्तर, काय भरवलंत हिच्या डोक्यात? अंघोळीला पाणी डोक्यावर घेत नाही. धक्क्याच्या फळ्यांखाली पाणी दिसतं म्हणून भिंतीला धरून चालते. मी म्हटलं, तू मासा असतीस तर तुला लहानपणीच तळून खाल्ली असती."

मी तिकिटाच्या खोलीत गेलो. सुरुवातीला ती तिकिटं मोजत राहिली. मग हळूहळू सांगितलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने त्या भोकावर बोट दाबून पाहिलं होतं. जीव घाबरा झाला, छाती भरून आली. रोज करून पाहिलं, रोज तेच. "सर, मी तिथूनही श्वास घेत असेन तर? त्यांनी शिवून टाकल्यावर मी काय करू?"

तीस वर्षं मुलांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या, आणि ही माझी चूक एका बाईच्या गळ्यात सुजली होती.

दुसऱ्या दिवशी तोच तक्ता घेऊन गेलो. सांगितलं की मी अर्धवट बोललो. त्या घड्या म्हणजे कल्ले नव्हेत. माशात त्यांचे कल्ले होतात. आपल्यात त्यांचाच जबडा होतो, कानातली हाडं होतात, आणि सगळ्यांत खालच्या घड्यांचं स्वरयंत्र. तुमच्या गळ्यात कल्ला कधीच नव्हता. त्या भोकातून श्वास जात नाही; बोट दाबल्यावर घाबरता ती भीतीने.

तिने स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. "म्हणजे आवाज तिथलाच. मग ते कापताना हे कापलं गेलं तर?"

ही भीती खरी होती. तिथून शिरा आणि नसा जातात, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. काही होणार नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं. "डॉक्टर जपतील. पण खात्री मी देऊ शकत नाही," म्हणालो.

तिने तक्ता गुंडाळून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "आज तुम्ही मास्तरांसारखं बोलला नाहीत." आणि सूज उतरल्यावरची ऑपरेशनची तारीख घेतली.

जाण्याआधीच्या दुपारी तिने खोलीचं दार लावून मोबाइलवर सगळ्या फेऱ्या पुकारून ठेवल्या. पहिली, सातची, भरतीमुळे उशीर, धुक्यामुळे रद्द. सगळं. एकदाही अडखळली नाही. रेकॉर्डच्या शेवटी मात्र नुसताच श्वास ऐकू येत होता, बंद करायचं राहून गेल्यासारखा.

पुढचे सतरा दिवस धक्क्यावर तोच आवाज वाजला. ऑपरेशननंतर ती बोलते की नाही, आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. तांडेल चाक धरून कर्ण्याकडे बघत राही आणि रेकॉर्ड संपली की मान खाली घाली. एक दिवस धुकं पडलं. त्याने लाँच सोडलीच नाही. मी आत्याकडे चौकशीला जायचो ते दारापर्यंत; आतून बोलणं ऐकू येतंय का याचा अंदाज घ्यायचा आणि परतायचं. आत्या एकटीच बोलत असायची.

अठराव्या सकाळी मी फळ्यांवर पाय ठेवला आणि कर्णा खरखरला. आवाज जाड होता, मधेच फाटला. "सातची लाँच..." पुढचं पुकारायला तिला दोनदा थांबावं लागलं. तांडेलाने टोपी काढली.

मी निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. ती गळा उघडा असलेले कपडे घालते, व्रण दिसतो. सकाळच्या सहा फेऱ्या ती स्वतः पुकारते. दुपारनंतरच्या रेकॉर्डवर लागतात, कारण तोवर तिचा आवाज बसलेला असतो.