आईचा अधिक महिना

बिदरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. दरवर्षी फळ्यावर ‘शिफ्ट’ लिहितो आणि मुलांना वाक्यं करायला लावतो. बाक शिफ्ट केला, पेशंटला कलबुर्गीला शिफ्ट केलं, मोटार दुसऱ्या बोअरवर शिफ्ट केली. मुलं भराभर सांगतात. मला मात्र या शब्दाची आता किळस येते, कारण आमच्या घरात तो आईसाठी वापरला जातो.

वडील गेल्यावर आम्ही तिघा भावांनी आईच्या पाळ्या लावल्या. चैत्रापासून चार महिने मुडबीत थोरल्याकडे, श्रावणापासून माझ्याकडे, मार्गशीर्षापासून कलबुर्गीत मधल्याकडे. चौथी अमावस्या झाली की फोन यायचा, “आईला शिफ्ट कधी करायलास?” माणसाला आणतात, नेतात, पोचवतात. पण तसं म्हटलं की थोडी लाज वाटते. ‘शिफ्ट’ म्हटलं की ती वाटत नाही, म्हणून आम्हा शिकलेल्यांना तो शब्द सोयीचा.

मग अधिक श्रावण आला. आषाढ संपताच थोरला म्हणाला, “माझे चार झाले. श्रावण लागला, आता तू ने.”

“माझा निज श्रावणापासून, अण्णा. हा अधिकचा हाय,” मी म्हणालो.

मधल्याकडे धोंड्याच्या जेवणाला लेक-जावई येणार होते. त्याच्याकडे जागा नव्हती. एक महिना कुणाच्याच वाट्याचा नव्हता आणि त्या महिन्यात आई होती. तेव्हा तोडगा मीच काढला. “गाणगापूरला शिफ्ट करू. पुण्याचा म्हैना हाय, दर्शन घडंल.” दोघंही एका दमात ‘व्हय’ म्हणाले. जावयाला आग्रह करकरून वाढायच्या महिन्यात आम्ही आईला लॉजवर ठेवलं. थूः आमच्या जिनगानीवर.

सोडून निघालो तेव्हा ती खाटेवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. आमच्या कुणाच्याच घरी तिनं ती पिशवी कधी पुरती उघडली नव्हती.

महिना संपल्यावर आणायला गेलो. लुगडी दोरीवर वाळत होती, गोळ्यांचा डबा कोनाड्यात होता, पिशवी रिकामी होऊन खिळ्याला टांगलेली. लॉजवाल्याच्या बायकोसोबत ती वाती वळत बसली होती.

“चल आई, माझी पाळी लागली.”

तिनं हातातली वात पुरी केली. “म्या हितंच ऱ्हाते. हितं कुणी म्हैने मोजीत न्हाई.”

मी तिच्या पाया पडलो आणि बस धरली. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि चक्क हलकं वाटलं. त्या हलकेपणाची शिसारी अजून जात नाही. ‘चल’ मी एकदाच म्हणालो होतो. दुसऱ्यांदा म्हणालो असतो तर ती उठली असती, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच म्हणालो नाही.