कंडक्टरची नसलेली बायको

मास्तरांनी उभ्या आयुष्यात हजारो कपडे शिवले, पण सगळ्यात बेमालूम शिवली ती कंडक्टरची बायको. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. पण दोन पुरुष एकाच घरात राहतात म्हटलं की शेजाऱ्यांच्या पोटात दुखायला लागतं. म्हणून मास्तरांनी जाहीर करून टाकलं: हा माझा मावसभाऊ, बसवर कंडक्टर आहे, बिचाऱ्याची बायको लग्नाच्या वर्षातच गेली. लोक हळहळले आणि गप्प बसले. कंडक्टर आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होता.

अडतीस वर्षं निभावलं. मग कंडक्टरची आठवण उसवत गेली. गॅस उघडा राहू लागला, पहाटे उठून तो कामावर निघू लागला. शेवटी मास्तरांच्या गुडघ्यांनीच हात टेकले आणि त्याला स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात ठेवावं लागलं. तिथे भरती करताना चार पानी माहिती भरून घेतात: माणसाला काय आवडतं, तो कशाला घाबरतो, कुणाचा विषय काढला की शांत होतो. 'पत्नी' या शब्दापाशी मास्तरांचा पेन थबकला, मग सवयीने चालू लागला. सोशिक होती, गळा गोड होता, वगैरे वगैरे.

सिस्टर कामाला चोख. कंडक्टर बावरला की जवळ बसून विचारायच्या, "काका, काकूंची आठवण येते का? छान गायच्या ना त्या?" कागदावर होतं तेच बिचाऱ्या बोलत होत्या.

तीन आठवड्यांनी मास्तर दुपारचे भेटायला गेले, तर ताट तसंच पडलेलं.

"दोन दिवस घास घेत नाहीत तोंडात," आया म्हणाली.

कंडक्टरने मास्तरांचा हात घट्ट धरला. "मला बायको होती म्हणे. गायची म्हणे. मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही रे! कसला दगड आहे मी!" आणि तो ढसाढसा रडू लागला.

जी बाई जन्मालाच आली नाही, तिला विसरल्याच्या दुःखाने हा उपाशी राहत होता, आणि ते सगळं त्यांचंच कर्तृत्व. खरं सांगून टाकावं, पण भेटायला फक्त नातेवाइकांनाच सोडतात. दार बंद झालं तर? सिस्टरच्या टेबलापर्यंत जाऊन ते दोनदा माघारी फिरले. तिसऱ्यांदा एका दमात सगळं बोलून टाकलं.

सिस्टर भडकल्याच. "मास्तर, हे आधी नाही सांगायचं? तीन आठवडे मी त्यांना नसलेल्या बाईसाठी रडवतेय!"

"मला वाटलं, तुम्ही आम्हाला..."

"मला त्यांना जेवायला घालायचंय, बाकी काही नाही. तुम्ही खोटं लिहिता आणि आम्ही ते औषधासारखं पाजत बसतो." त्यांनी ते पान टराटरा फाडलं, कोऱ्या कागदावर 'जोडीदार' असं लिहिलं आणि पेन पुढे सरकवला. "लिहा आता खरं. सगळ्या पाळ्यांना मी स्वतः वाचून दाखवणार. कुणी तोंड वाकडं केलं, तर गाठ माझ्याशी आहे."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," मागून आया म्हणाली. "मावसभावाचे केस एवढ्या लाडाने कुणी विंचरतं होय?"

अडतीस वर्षांची लपवाछपवी, आणि हिला एका दिवसात कळली! मास्तर कानापर्यंत लाल झाले, पण छातीवरचं ओझं उतरलं हेही खरं.

सिस्टरनी ताट गरम करून आणलं. जेवणघरात वीसेक माणसं होती. "काका, चुकलं आमचं. तुम्हाला बायको नव्हतीच. तुमचा जोडीदार हा, मास्तर."

कंडक्टरने बराच वेळ मास्तरांकडे टक लावून पाहिलं. ओळख पटली की नाही, देव जाणे. "किती वर्षं?"

"अडतीस," मास्तर म्हणाले. शेजारच्या टेबलावरची म्हातारी वळून बघायला लागली. बघेना का!

"म्हणजे मी कुणाला विसरलो नाही?"

"नाही रे."

कंडक्टरने सुटकेचा श्वास सोडला. ताट पुढे ओढलं आणि पहिला घास उचलून मास्तरांपुढे धरला. "आधी तू खा. किती वाळलायस!"

मास्तरांनी सगळ्यांदेखत तो घास घेतला.