घासूनपुसून लख्ख टाकी

निवृत्त झाल्यावर मी मासे पाळायला घेतले आणि ते मरायला लागले.

माझी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, क्वालिटी खात्यात गेली. माल नापास झाला की का झाला ते हुडकून काढायचं, हेच काम. त्यामुळे कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधल्या टाकीत पहिले मासे मेले तेव्हा मला वाईट कमी वाटलं आणि हुरूपच जास्त आला. सांगायलाही लाज वाटते, पण रिकामपणात डोक्याला खाद्य मिळालं होतं.

आणलेले मासे पहिला दिवस मजेत असायचे. मग पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागायचे, आणि एका सकाळी तळाशी आडवे. मी दुकानदाराला झापून आलो. त्यानं मुकाट्यानं दुसरे दिले. तेही गेले.

त्या वेळी सासरे आमच्याकडे राहायला होते. सासूबाई गेल्यावर बायकोनं त्यांना अमरावतीहून जवळजवळ ओढूनच आणलं होतं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं मानणाऱ्या पिढीतला माणूस. आमच्या घरात ते सदैव अंग चोरून असायचे. मी वाचून ठेवल्याशिवाय पेपरला हात लावायचे नाहीत, पंखा लावतानाही विचारायचे. खाली बाकावर बसणाऱ्या मंडळींना त्यांची वऱ्हाडी बोली ऐकून हसू यायचं, म्हणून तिकडेही जाईनासे झाले. उरली टाकी. सकाळी आंघोळ झाली की खुर्ची ओढून टाकीपुढे बसायचे, चिमटीनं दाणे टाकायचे आणि माशांशी काय काय बोलत राहायचे. बायको म्हणायची, आई गेल्यापासून बाबा एवढं बोलताना पहिल्यांदाच बघतेय.

झालं. मला गुन्हेगार सापडला.

आमच्या खात्यात शिकवलेलं असायचं की बिघाड झाला की एकदा 'का' विचारून थांबायचं नाही. उत्तर मिळालं की त्यालाही 'का' विचारायचं, असं खणत खणत खाली जायचं. प्रत्यक्षात साहेब घाईत असला की आम्ही पहिल्याच 'का'पाशी थांबून 'कामगाराची चूक' असा शेरा मारून मोकळे व्हायचो. घरी मला कुठलीच घाई नव्हती. तरी मी तेच केलं. मासे का मेले? जास्त खाऊन. कुणी घातलं? संपलं.

जेवायला बसलो असताना मी म्हणालो, "बाबा, आपली चिमूट म्हणजे लग्नाची पंगत असते. त्या जिवांना झेपेल एवढंच वाढा की."

ते म्हणाले, हो, चुकलंच माझं. बायको पोळी वाढायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी आपल्या विनोदावर खूश. वर दाण्यांचा डबा माळ्यावर ठेवून दिला, त्यांचा हात पोचणार नाही असा.

पुढच्या खेपेचे मासे आणले, तेही मेले. आता मात्र माझं डोकंच फिरलं. डबा माळ्यावर, मग यांनी पोळी टाकली असणार! मी सरळ विचारलं. सासऱ्यांनी दोन्ही हात पुढे करून उलटसुलट करून दाखवले, शाळेत नखं तपासताना मुलं दाखवतात तसे. जिल्हा परिषदेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. माझ्यापुढे हात दाखवत उभा होता आणि मी ते निरखून बघितले. खरंच बघितले हो, बोटांना पिठूळ काही लागलंय का ते.

आठवड्याच्या आतच ते वारज्याला पुतण्याकडे गेले. त्याच्या बाळाला बघून येतो म्हणाले. बायकोनं नंतर बाथरूममधून येऊन एवढंच सांगितलं की बाबा साबणाची डबीसुद्धा घेऊन गेलेत.

मी नवे मासे आणले. त्याआधी नेहमीसारखी टाकी साफ केली. माझी साफसफाई म्हणजे बघण्यासारखी असते. सगळं पाणी ओतून द्यायचं, खडी तांदळासारखी नितळ पाणी येईपर्यंत धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून ब्रशनं घासायचा. त्यावर तपकिरी बुळबुळीत थर असतो, तो गेला की मला बरं वाटायचं. मासे मरत गेले तसतसा मी जास्तच जोमानं घासत गेलो होतो.

दाणे मीच मोजूनमापून टाकले. मासे धापा टाकायला लागले. मेले.

बायको टाकीपाशी आली, बघितलं आणि म्हणाली, "आता कोणाला वारज्याला पाठवायचं?"

पुणेरी टोमणे मी आयुष्यभर मारत आलोय. असा एकही वर्मी बसलेला आठवत नाही.

मग मी पुढचे 'का' विचारायला बसलो. पाणी तपासायचं औषध मिळतं ते आणलं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर त्यात अमोनिया आहे. माझ्या लख्ख टाकीतलं पाणी हिरवंगार झालं. मोबाइलवर वाचलं, समजेपर्यंत वाचलं. माशांच्याच घाणीतून हे विष तयार होतं, आणि ते पचवणारे सूक्ष्म जीव त्या तपकिरी थरात राहतात. तो थर जमायला कित्येक आठवडे जातात. मी दर रविवारी तो ब्रशनं घासून मोरीत सोडत होतो. कामगाराची चूक होती खरी. कामगार मी होतो.

मी वारज्याला गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. सासरे गॅलरीत बसले होते. मला बघून उठायला लागले, बसा बसा म्हणेपर्यंत उभे राहिलेसुद्धा. मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच उत्सुकतेनं विचारलं,

"मी इकडे आल्यावर तरी जगले ना मासे?"

मला वाटलं होतं, माणूस रागावून गेलाय. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते मासे जगावेत म्हणून घर सोडून आले होते.

मी म्हटलं, नाही, तेही मेले. आणि मग सगळं सांगितलं, स्पंजाचं, ब्रशचं. सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघवेना. माफ करा, असंही म्हणालो, ते त्यांच्या कानावर गेलं की नाही कोण जाणे. ते आपल्या हातांकडे बघत होते.

"म्हणजे माह्या हातानं नाही मेले," ते हळूच म्हणाले.

ते परत आले. साबणाची डबी जागेवर आली. टाकी आता थोडी गढूळच असते, काचेला हिरवट झाक असते, स्पंज मी टाकीतल्याच पाण्यात नुसता पिळून घेतो. मासे जगतात. दाण्यांचा डबा टाकीशेजारीच असतो, त्यांच्या हाताशी.

तरी रोज सकाळी आंघोळ करून ते खुर्चीत बसतात आणि डब्याला हात लावण्याआधी माझ्याकडे बघून विचारतात, "चार दाणे टाकू का?" मी रोज म्हणतो, अहो बाबा, विचारता काय, टाका ना. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारतात.