नवव्या दिवशीचं तेल

वस्तरा लागला की माझी हनुवटी दोन दिवस पेटलेली असायची. बाकीचे लोक न्हाव्यापुढून उठत, तोंड पुशीत आणि कामाला लागत. मी उठे तो मानेवर रक्ताचे बारीक ठिपके घेऊन. दुसऱ्या दिवशी त्या ठिपक्यांच्या पुटकुळ्या होत, तिसऱ्या दिवशी त्यांना खाज सुटे, आणि त्या बऱ्या होताहेत तोवर पुन्हा दाढीचा वार येई. विशीत मी देवासला थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजाच्या, दफ्तरात कारकून लागलो, तेव्हा माझं अर्धं लक्ष कागदात आणि अर्धं गळ्याशी असे. बोटं सारखी तिकडे जात. धड बसवत नसे. शेजारचा कारकून म्हणे, तुम्ही बसल्या जागी चालत असता.

दाढी वाढवावी म्हटलं तर तीही सोय नव्हती. एका वर्षी महिनाभर वाढवली आणि तशीच घेऊन दिवाळीला धारला घरी गेलो. वडील ओटीवर बसले होते. त्यांनी मला वर ये म्हटलं नाही. "कुणाचं सुतक पाळतोयस?" इतकंच विचारलं. आईबाप जिवंत असताना मुलानं दाढी राखणं आमच्याकडे अशुभ. मी पायरीवरूनच मागे फिरलो, न्हाव्यापुढे बसलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सोललेल्या गालांवर उटणं लावून घेतलं. उटणं लावताना आई हळूच म्हणाली की ही कातडी तू माझी घेतलीस. ते खरं होतं. नव्या लुगड्याचा काठ मानेला घासला तरी तिच्या मानेवर लाल रेघ उठे, आणि ती सणासुदीलाही जुनी, धुऊन मऊ झालेली लुगडीच नेसे. वडिलांशी मात्र त्या दिवसापासून माझं बोलणं पत्रातल्या क्षेमकुशलापुरतं उरलं.

देवासला परत आल्यावर मी ज्याला त्याला उपाय विचारू लागलो. कुणी खोबरेल सांगितलं; ते थंडीत बाटलीत दगड होऊन बसे आणि लावलं की माझ्या गालावर घामोळं उठे. एरंडेल इतकं चिकट की वस्तरा त्यात रुतून बसला आणि न्हावी वैतागला. तिळाच्या तेलानं आग वाढली. महिन्याला एक तेल आणि महिन्याला एक न्हावी, असं माझं चाललं होतं.

शेवटी ज्याच्याकडे टिकलो तो म्हातारा न्हावी धाकट्या पातीतला. देवासात दोन राजे आणि मधे एक रस्ता. मी रस्ता ओलांडून दुसऱ्या राजाच्या हद्दीत दाढीला जात असे. तो एका पिंपळाखाली बसे. पहिल्या दिवशी त्यानं वस्तरा काढलाच नाही. माझी हनुवटी उजेडाकडे वळवली, दोन बोटांनी कातडी ताणून पाहिली आणि मालवीत म्हणाला, "भिया, पेलां तेल, फेर पाणी. उलटो करोगा तो बळेगा." म्हणजे आधी तेल, मग पाणी, उलटं कराल तर जळेल. कोणतं तेल, विचारलं तर त्यानं खसखशीचं सांगितलं.

आमच्या माळव्यात अफूची शेतं गावोगाव. बोंडं चिरून झाली की उरलेले दाणे तेल्याकडे जात. घाण्याचं ते तेल पातळ, फिकट पिवळं, जवळजवळ बिनवासाचं. गरीब लोक ते दिव्यात घालत, भाजीतही वापरत. ते तोंडाला लावायचं कुणी मला सांगितलं नव्हतं. म्हातारा वाटीत थोडं तेल घेई, वाटी उन्हात ठेवी, कोमट झालं की केसांच्या उलट दिशेनं जिरवी. मग मला तसंच बसवून दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांची दाढी करी. ते बसणं मला फार जड जाई. अर्ध्या घटकेनं गरम पाण्यात पिळलेलं फडकं गालावर धरी, आणि मग केस वळतील तसा, एकदाच, हलका वस्तरा. उलटा हात त्यानं कधी फिरवला नाही.

दोनतीन महिन्यांत माझी कातडी निवली. मी आईला पत्रातून ते कळवलं. ती वाचू शकत नसे, तेव्हा वडिलांनीच ते तिला वाचून दाखवलं असणार.

पुढच्या वर्षी माघात तार आली की वडील फार आजारी आहेत. मी टांग्यानं इंदूर, तिथून गाडीनं महू, आणि महूहून पुन्हा टांगा करून धारला पोहोचलो. सबंध वाटभर मी टांगेवाल्याला जोरात हाक, जोरात हाक म्हणत होतो आणि तो घोड्याकडे बोट दाखवत होता. घरी पोहोचलो तेव्हा वडील शुद्धीवर होते. मी जवळ बसलो. त्यांनी हात उचलून माझ्या गालावरून फिरवला, दोनदा, आणि म्हणाले, "बरं झालं." काय बरं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

अग्नी मी द्यायचा, म्हणून आधी क्षौर. तळ्याकाठी आमचा धारचा न्हावी आला. सुतक लागलं होतं, तेलाचं बोट अंगाला लागता कामा नये. थंड पाणी आणि वस्तरा. डोकं, गाल, मिशा, सगळं. मी दात आवळून बसलो. दुसऱ्या दिवशी माझं तोंड सुजलं, डोक्यावर जागोजाग पुटकुळ्या आल्या, आणि जमिनीवर घोंगडी टाकून निजायचं तर डोकं कुठल्या बाजूला टेकावं तेच कळेना.

चौथ्या दिवशी थोरले काका पंचांग घेऊन बसले. वडिलांचे हे वडीलभाऊ. घरात आता तेच कर्ते. दहाव्याला काय काय लागेल ते ते पुरोहितांना विचारत होते. दर्भ, तीळ, तांदूळ. मग आवाज न बदलता त्यांनी विचारलं की न्हावी तळ्यावर आधी येईल की घरी. घरी कशाला, हे मला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. आईचं केशवपन.

मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या आळीत सोवळ्या बायका होत्या, मी त्यांना लहानपणापासून पाहत आलो होतो. पण माझी आई आणि तो वस्तरा या दोन गोष्टी मी कधी एकत्र धरल्या नव्हत्या. माझं स्वतःचं डोकं तेव्हा ठणकत होतं. त्या ठणक्यासकट मी उठलो आणि परसात येरझाऱ्या घालू लागलो. पुढले चार दिवस मी तेच केलं. पिंड देऊन यायचं आणि परसात चालायचं.

सातव्या दिवशी मी काकांना म्हणालो की आईचं हे करू नये. मी तिला देवासला घेऊन जातो. काका चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी मला बसवलं आणि समजावून सांगितलं की माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आहे, वैशाखात आहे, आणि त्या घरची माणसं जुन्या वळणाची आहेत. सकेशा विधवेच्या हातचं पाणी न पिणारी ती माणसं तिच्या मुलीला घरात घेतील का, हे मीच सांगावं. मी उठून पुन्हा परसात गेलो.

आई मागच्या खोलीत बसून असे. बांगड्या फोडल्यापासून ती हात पदराखालीच ठेवी. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "तू नाही म्हण. तू म्हटलंस तर मी सगळ्यांशी भांडेन."

"आणि तुझी बहीण?" ती म्हणाली.

मग तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "फार दुखतं का रे?"

इतकी वर्षं याच दुखण्याची कुरकुर मी तिच्यापाशी केली होती. आता नाही म्हणावं तर तिनं विश्वास ठेवला नसता. मी म्हणालो, "आधी तेल जिरवलं तर नाही दुखत."

"मला आता तेल कुठलं," ती म्हणाली.

ते खरंच होतं. सुतकाचे दहा दिवस सोडा, तिला जन्मभर डोक्याला तेल नव्हतं, आणि वस्तरा मात्र दर पंधरवड्याला होता.

माझ्या पिशवीत खसखशीच्या तेलाची बाटली होती. देवासहून निघताना सवयीनं घेतलेली. वडील गेल्यापासून मी ती उघडलीही नव्हती. नवव्या दिवशी दुपारी घर जरा निवांत झालं तेव्हा मी ती काढून परसातल्या दगडावर उन्हात ठेवली आणि तिच्याभोवती फेऱ्या घालत राहिलो. तेल कोमट झाल्यावर आईला म्हणालो, बाहेर ये.

ती आली. बाटली पाहून थांबली. मग दगडाकडे पाठ करून खाली बसली आणि पदर मागे घेतला. मी तिचे केस सोडले. तिचे केस इतके लांब आहेत हे मला माहीत नव्हतं. ते जमिनीवर टेकले. म्हाताऱ्यानं माझ्या गालावर जसं केलं तसं मी केसांच्या मुळाशी, उलट्या दिशेनं, बोटाच्या टोकांनी तेल जिरवत गेलो. कानामागची कातडी सर्वांत नाजूक, तिथं दोनदा. नऊ दिवसांत पहिल्यांदाच मी एका जागी बसलो होतो.

तेवढ्यात काका विहिरीकडे जायला म्हणून बाहेर आले. त्यांनी पाहिलं. माझी बोटं तेलात, आईचे केस मोकळे. ते म्हणाले, "सुतकात तेल?" आवाज मोठा नव्हता.

मी काही बोलणार तोच आई बोलली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या थोरल्या दिरांसमोर कधी बोललेली नव्हती. तिनं पदर ओढला नाही, मानही वळवली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "उद्या मी बसणार आहे. हे औषध आहे. पाप असलं तर माझ्याकडे."

काका विहिरीवर न जाता आत गेले. त्या गोष्टीचा त्यांनी पुढे कुणापाशी उच्चार केला नाही, आणि आमच्याशीही फारसे बोलले नाहीत.

बाटलीतलं तेल सगळं संपलं. पहाटे न्हावी यायच्या आधी मी गरम पाण्यात धोतराचा तुकडा पिळून आईला दिला आणि तो डोक्यावर कसा धरायचा ते सांगितलं. न्हाव्यानं हात लावताच त्याला कळलं असणार, कारण त्यानं बोटं एकमेकांवर चोळून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हणालो, एकदाच, केस वळतील तसा, उलटा हात नको. तो मान हलवून कामाला लागला. मी दाराबाहेर थांबलो. मधेच मला वाटे आत जावं, मधेच वाटे तळ्यावर निघून जावं. मी उंबऱ्याशीच जागा बदलत राहिलो. ती बाहेर आली तेव्हा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला होता. पदराला रक्ताचा डाग नव्हता, हे मी आधी पाहिलं. मग तिचं तोंड पाहिलं. त्याबद्दल मी लिहू शकत नाही. तळ्यावर माझी पाळी आली तेव्हा जुन्या पुटकुळ्यांवरूनच वस्तरा फिरला. मला ताप भरला आणि तेराव्यापर्यंत उतरला नाही.

बहिणीचं लग्न वैशाखात नीट झालं. पावसाळ्यानंतर मी आईला देवासला आणलं. पिंपळाखालच्या म्हाताऱ्यानं दर पंधरवड्याला घरी यायचं कबूल केलं. आदल्या दिवशी मी तेल लावून देत असे. वर्षभर असं चाललं. मग एका सकाळी म्हातारा आला आणि आईनं दारातूनच त्याला परत पाठवलं. मी विचारलं तर म्हणाली, "मुलगी नांदतेय आता. नको."

मला वाटलं, सुटलो. पण तसं सरळ झालं नाही. दोन महिन्यांनी काका येणार म्हणून पत्र आलं आणि तिनं स्वतःच म्हाताऱ्याला बोलावणं धाडलं. मी रागावलो. इतकं सोसून पुन्हा कुणाच्या धाकानं बसायचं, असं बरंच बोललो. तिनं ऐकून घेतलं. "ते थकलेत," ती म्हणाली, "त्यांना काय दाखवायचं ते मी ठरवीन. डोकं माझं आहे." काका चार दिवस राहून गेले आणि तिनं पुन्हा केस वाढू दिले. असं तीनदा झालं. दर वेळी मी चडफडलो, दर वेळी तेल लावून दिलं. काका वारले त्यानंतर म्हातारा तिच्यासाठी आला नाही.

त्या वर्षी नवरात्रात ती टेकडीवर देवीला गेली. मला दफ्तर होतं, म्हणून एकटीच गेली. डोक्यावर बोटभर पांढरे केस, आणि पायऱ्या चढताना वाऱ्यानं पदर सरकलेला असणार. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती भाजी निवडत बसली होती. गर्दी फार होती का, मी विचारलं.

"फार," ती म्हणाली. "पण रांगेतल्या बायका माझे केस पाहून, पदर आवरून बाजूला सरल्या. आमची मराठी मंडळीच, सगळ्या ओळखीच्या. मग काय, मी सरळ पुढे गेले. इतकं लवकर दर्शन मला कधी झालं नव्हतं."

आणि ती हसली. मला हसू आलं नाही. मी तिच्यासमोर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. तिनं मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली आणि देठं वेगळी काढ म्हणाली.