राजौरीच्या झऱ्यापाशी भेटलेले चाचा

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. वाचता वाचता मनात कारणं शोधायची सवय... झोप झाली नसेल, वारा असेल, नंतर आठवणीत घोळ झाला असेल. अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आता आहे का, हे मला नीट सांगता येणार नाही. जे झालं ते लिहितो. नावं बदलली आहेत.

मी मूळचा नागपूरचा. व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहतो, डेटा सेंटरच्या कामात आहे. घटस्फोटानंतर एक छोटं अपार्टमेंट भाड्याने घेतलं. काम बरंचसं घरूनच, त्यामुळे मीटिंग सोडल्या तर अख्ख्या दिवसात कुणाशी एक शब्द बोललो नाही असं बरेचदा व्हायचं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणंही हळूहळू थांबवलं. सगळे जोडीने येतात, आणि मग काकू लोकांच्या चौकशा सुरू होतात.

आमच्या कम्युनिटीत एक तळं आहे, भोवती चालायचा रस्ता. तिथे रशीद चाचा भेटले. ऐंशीच्या घरातले, गुडघे गेलेले, वॉकर ढकलत अगदी हळू चालायचे. मुलगा इम्रान आणि सून दोघं नोकरीला, नातवंडं इंग्लिशशिवाय बोलत नाहीत. चाचांचं गाव जम्मूकडे, राजौरी जिल्ह्यात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "हिंदी बोलते हो, साहब?" मी हो म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरणार नाही. त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी बेंचवर बसू लागलो.

बोलणं गावाचंच. डोंगरावर जुना पडका किल्ला, खाली एका पीरसाहेबांची जियारत — म्हणजे आपण दर्गा म्हणतो तसं — आणि मध्ये एक झरा. ते 'चश्मा' म्हणायचे, मला आधी डोळ्यांचा चष्माच वाटला होता. एकदा घरी जायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. इम्रान म्हणायचा, "अब्बा, इतका लांबचा प्रवास तुम्हाला झेपेल का?" आणि तेही खरंच होतं. गावात जवळचं कुणी उरलं नव्हतं, घराला कुलूप होतं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मला व्हिसा स्टॅम्पिंगसाठी दिल्लीला जावं लागलं. पासपोर्ट तिकडे अडकला आणि हातात मोकळे दिवस आले. नागपूरला जायचं तर आई-बाबा राहिले नाहीत, फ्लॅट विकलेला. म्हटलं, चाचांचं गाव बघून येऊ. निघायच्या आधी ते सहज म्हणाले होते, "कभी उधर गए तो चश्मे का पानी पी लेना मेरी तरफ़ से." जाणार असं मी त्यांना कबूल केलं नव्हतं. माझं मलाच माहीत नव्हतं.

रात्रीच्या गाडीने जम्मू, तिथून शेअर टॅक्सी. अखनूरच्या पुढे घाट लागला. जम्मूत उतरल्यापासून फोन बंदच होता — राज्याबाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आणि खरं म्हणजे कुणी विचारणारही नव्हतं. हा विचार टॅक्सीत आला आणि बराच वेळ गेला नाही.

राजौरीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी गावात पोचलो. कौलांवर आणि पत्र्यांवर मका वाळत घातलेला, वर चीडाची, म्हणजे पाइनची, झाडं. जियारत छोटीशी, हिरव्या छपराची. तिथल्या म्हाताऱ्या मुजावरांनी मला मीठ घातलेला चहा दिला. चाचांचं नाव काढल्यावर म्हणाले, "रशीद? वो तो अमरीका में है." मग त्यांनी किल्ल्याची वाट दाखवली.

किल्ला म्हणजे आता दोन बुरूज आणि गवत. वर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. थोडा वेळ बसलो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास उतरायला लागलो, तेवढ्यात खालून ढग वर आले. काही मिनिटांत पुढचं झाड दिसेना. मी वाट समजून एका उतारावर उतरत गेलो. पायाखाली भुसभुशीत दगड सरकायला लागले... तेव्हा कळलं की ही वाट नाहीये.

"साहब, उधर नहीं. उधर नाला है."

मागे वळून बघितलं. वरच्या बांधावर रशीद चाचा उभे होते. अंगावर करडी लोई, म्हणजे लोकरीची शाल, आणि हातात काहीच नाही — वॉकर नाही, काठी नाही.

तुम्ही विचाराल, तेव्हा घाबरलो नाही का? नाही. मला वाटलं इम्रानने शेवटी त्यांना आणलं. मी विचारलं, "चाचा, तुम्ही कधी आलात?"

"अभी."

"आणि गुडघे?"

ते नुसते हसले आणि पुढे चालू लागले. भरभर, ओळखीच्या जिन्यावरून उतरावं तसे. मलाच धापा लागल्या. झऱ्यापाशी आलो. त्यांनी सांगितलं म्हणून मी ओंजळभर पाणी प्यालो, दात शिवशिवले. शेजारी एका मोठ्या झाडाचं नुसतं खोड उरलं होतं, नुकतंच कापलेलं, लाकूड अजून पिवळं. चाचांनी त्याच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"अखरोट था. अब्बा ने लगाया था," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आप चलो साहब, नीचे रास्ता सीधा है. मैं थोड़ा बैठूँगा."

मी खाली येऊन जियारतीच्या पायरीवर थांबलो. ढग निवळले, ऊन आलं. चाचा आले नाहीत. मुजावरांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. वर जायची ती एकच वाट, त्यांच्या समोरून जाणारी, आणि माझ्याशिवाय कुणी गेलं नव्हतं. आम्ही दोघं परत झऱ्यापर्यंत चढलो. कुणी नव्हतं. मुजावरांनी त्या खोडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "चलो बेटा, गाड़ी निकल जाएगी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जम्मूला हॉटेलचं वायफाय मिळाल्यावर पहिला कॉल इम्रानला. त्याला झाडाबिडाचं काही बोललो नाही, फक्त अब्बा कुठे आहेत विचारलं.

"इथेच, चहा पीतायत. का यार?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "काल पहाटे मात्र आम्ही जाम घाबरलो होतो. नमाजला उठलेच नाहीत. आयुष्यात असं झालं नाही. हलवलं, हाका मारल्या, श्वास नीट चालू होता पण उठेनात. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावणार तेवढ्यात डोळे उघडले."

तिथली पहाट म्हणजे राजौरीची दुपार. मी फोन ठेवला आणि बेडवर बसून राहिलो.

अ‍ॅशबर्नला परतल्यावर संध्याकाळी तळ्यावर गेलो. चाचा वॉकर बाजूला लावून बसले होते. मी काय बोलावं ते ठरवत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "पूछा किसी से, अखरोट किसने काटा?"

त्या झाडाबद्दल मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही आधी कधी सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं, "चाचा, तुम्ही तिथे होतात?"

"पानी ठंडा था ना?" एवढंच म्हणाले. पुन्हा विचारलं तर विषय बदलला.

नंतर इम्रानने एकदा घरी बोलावून सांगितलं की त्याने रजा काढली, तिकिटं बघितली, अब्बांना घेऊन जायचं ठरवलं. "तर अब्बाच नको म्हणतात. म्हणे, हो आया, जाऊन आलो. किती वर्षं डोकं खाल्लं माझं, आणि आता म्हणे हो आया. तुला काही बोलले का?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, तिकडून कुणीतरी फोनवर झाडाचं सांगितलं असेल, आणि तुला धुक्यात गावातलाच कुणी म्हातारा भेटला असेल. असेल. मीही स्वतःला हेच सांगून बघितलंय. पण मला 'साहब' म्हणणारा तो आवाज मी रोज ऐकत होतो. डॉक्टर असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने थकवा, एकटेपणा अशी कारणं दिली. तीही असतील. पण त्यांत अखरोट बसत नाही.

उन्हाळ्यात इम्रानला टेक्सासला नोकरी लागली. चाचा जाताना बराच वेळ माझा हात हातात धरून बसले. आता तळ्यावर मी एकटाच चालतो.

भीती अशी वाटत नाही. पण कधीकधी झोपायच्या आधी वेगळाच विचार येतो. चाचांना जायला एक जागा होती. मला कधी असं निघता आलं, तर मी नक्की कुठे जाईन... बरंच आठवून बघितलं. एकही जागा सुचत नाही.